खामगाव ते लंडन, व्हाया शेगाव

जून १९४८. तुम्ही खामगावच्या फलाटावर उभे आहात. अंगात खादीचा कोट, हातात कातड्याची बॅग, बॅगेत घरून बांधून दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. मागे मालधक्क्यावर कापसाच्या गाठी रचल्या आहेत. १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत ही एवढीशी लाइन टाकली गेली ती या गाठींसाठी; माणसांना वाहून नेणं हे तिचं जोडकाम. गाठी सावलीत आहेत आणि तुम्ही उन्हात. तुम्ही रुईचे व्यापारी. लिव्हरपूलच्या बाजारात जुनी ओळख आहे, ती पुन्हा जागी करायला निघालात.

"मास्तर, गाडी कधी?"

"आली की दिसंल."

हे उत्तर लक्षात ठेवा. आज हाच प्रश्न तुम्ही निरनिराळ्या सालांत, निरनिराळ्या माणसांना विचारणार आहात. चहा कसा होता, हसून बोलले का, गादी मऊ होती का, हे सगळं नंतर. प्रवासात माणसाला आधी हवं असतं ते "कधी?"चं खरं उत्तर.

गाडी येते. जलंबला उतरून मुंबईची गाडी पकडायची. तिसऱ्या वर्गाच्या डब्याला माणसं लोंबकळताहेत. गांधीजींनी १९१७ साली या डब्यांच्या हालांवर लिहिलं, त्याला ३१ वर्षं झाली, पण डब्यात फरक नाही. तुमच्याकडे वरच्या वर्गाचं तिकीट आहे म्हणून पाठ टेकायला जागा मिळते. नांदुरा जातं, मलकापूर जातं, भुसावळला फलाटावर केळीवाले ओरडतात. सकाळी बोरीबंदर.

८ जूनची रात्र, सांताक्रूझ. दमट हवा, दिव्यांभोवती किडे. समोर विमान आहे: लॉकहीड कॉन्स्टेलेशन, चार पंख्यांचं, शेपटाला तीन उभी पाती. नाव 'मलबार प्रिन्सेस'. एअर इंडिया इंटरनॅशनलची ही पहिली परदेशवारी, कैरो आणि जिनिव्हा करत लंडन. प्रवासी ३५. त्यात नवानगरचे जामसाहेब आहेत, क्रिकेटवाले दुलीपसिंहजी आहेत, आणि खामगावचे तुम्ही. काउंटरवरचा माणूस कागदावरून मान वर करतो आणि तुम्हाला तुमच्या नावानं हाक मारतो. काल जलंबला तुम्हाला "ओ टोपीवाले, सरका" अशी हाक आली होती.

विमानात एक सडपातळ, उंच कपाळाचा गृहस्थ बसलाय. तो स्वतः प्रवासी आहे, पण त्याचे डोळे प्रवाशाचे नाहीत. पडदा नीट सरकतो का, खुर्ची मागं जाते का, पेला कोणत्या हातानं ठेवला, सगळीकडे त्याची नजर फिरते. हे जे. आर. डी. टाटा. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून जुहूला टपालाचं विमान स्वतः उडवत आणलेला माणूस. आता कंपनीचा अध्यक्ष म्हणून मागं रेलून बसला तरी कोणी काही म्हणणार नाही. पण तो रेलत नाही.

तीन वर्षांनी, १९५१ मध्ये, युरोपची एक फेरी करून आल्यावर हा माणूस आपल्या लोकांना लेखी कळवणार आहे की विमानात मिळणारा चहा रंगानं कॉफीपासून वेगळा ओळखू येत नाही. पत्ती वाईट आहे की जास्त उकळलाय ते बघा. काही खुर्च्या इतर खुर्च्यांपेक्षा जास्त मागं कलतात, तेही बघा. एवढ्या मोठ्या उद्योगपतीनं चहाच्या रंगावर शाई खर्च करावी याचं तुम्हाला हसू येईल. येऊ द्या. पण त्यांच्या शेजारी बसून प्रवास केलेले लोक आणखी एक गोष्ट सांगतात: जेआरडी संडासाकडे गेले, बराच वेळ आले नाहीत, आणि परत आल्यावर कळलं की आतला कागदाचा रोल ते नीट लावत बसले होते. काउंटरवर धूळ दिसली तर स्वतः पुसायचे. खालच्या माणसाला बोल लावण्याआधी वरच्या माणसानं फडकं हातात घेतलं, की खालच्याला बोल लावायची गरज सहसा उरत नाही.

इंजिनांचा आवाज एका लयीत आला आहे. त्या काळच्या लांब पल्ल्याच्या विमानांत कॉकपिटमधून एक कागद निघायचा आणि प्रवाशांच्या हातोहात फिरायचा. उंची किती, वेग किती, पुढचा मुक्काम किती वाजता. तो कागद आता तुमच्या हातात आहे. "कधी?" असं तुम्ही विचारलेलंही नाही, उत्तर आपण होऊन खुर्चीपर्यंत चालत आलंय. वाचून झाल्यावर तुम्ही तो पुढच्या खुर्चीवर देता. जामसाहेबांनीही हाच कागद वाचला असणार.

वक्तशीरपणाची एक गोष्ट पुढं या कंपनीची माणसं आवडीनं सांगत. जिनिव्हात कुणीतरी एका स्विस माणसाला वेळ विचारली. त्यानं घड्याळ न बघता खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, अकरा वाजले. एअर इंडियाचं विमान आत्ताच उतरलं. स्वित्झर्लंडमध्ये भारतीय विमानावरून घड्याळ लावणं! गोष्ट खरी की रंगवलेली हा प्रश्न बाजूला ठेवा. कंपनीला स्वतःबद्दल हीच गोष्ट सांगावीशी वाटत होती, तेवढं पुरे.

पण इथं मला तुमच्या कानात एक कुरकुर घालायची आहे. ३५ प्रवासी, त्यात एक राजा, शिवाय कंपनीचा अध्यक्ष विमानात बसलेला. अशा वेळी सेवा चांगली मिळाली यात नवल ते काय? आणि दुसरी गोष्ट जास्त जड आहे. ज्या विमानात तुम्ही बसला आहात ते 'मलबार प्रिन्सेस' ३ नोव्हेंबर १९५० ला आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. ४८ माणसं होती, एकही वाचलं नाही. चहाचा रंग, खुर्चीची पाठ, ही सगळी त्यानंतरची गोष्ट. प्रवाशाला सुखरूप खाली उतरवणं ही विमान कंपनीची पहिली सेवा. बाकीची सेवा ती पार पडल्यावर मोजायची. म्हणूनच हवामान वाईट आहे म्हणून विमान थांबवणारा वैमानिक प्रवाशाचा शत्रू नसतो. शत्रू असतो तो थांबण्याचं कारण लपवणारा.

१० तारखेला लंडन. शिडीवरून उतरायला तुम्ही पाय खाली टाकता आणि तो पाय सिमेंटवर न टेकता एसटीच्या लोखंडी पायरीवर टेकतो.

साल १९७० च्या पुढचं कुठलंतरी. लाल गाडी. बुलढाण्याहून मलकापूरकडे निघाली आहे आणि राजूरचा घाट उतरतेय. योगायोग बघा: 'मलबार प्रिन्सेस' उडालं त्याच्या बरोब्बर एक आठवडा आधी, १ जून १९४८ ला, अहमदनगर ते पुणे अशी पहिली एसटी धावली. एका आठवड्यात दोन वाहनं सुरू झाली, एक ढगातून जाणारं आणि एक फुफाट्यातून. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होता, म्हणून ती लाल गाडी आपल्याकडे नंतर, १९६१ च्या सुमारास, राज्य एक झाल्यावर आली. पण आली ती घरचीच होऊन गेली.

गाडीत मुंगीला जागा नाही. कंडक्टर पोटाशी तिकिटांची पत्र्याची पेटी धरून माणसांच्या मधून वाट काढतोय. खाकी शर्टाची पाठ घामानं काळी झालीय. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा तो रिकामाही वाजवत राहतो, टक टक टक, म्हणजे लोकांनी पैसे काढून ठेवावेत. तुमच्या शेजारी एक म्हातारी टोपलं मांडीवर घेऊन बसली आहे.

"कंडक्टर, मोताळा कधी येईन रे बावा?"

"येतेच माय. हा घाट उतरला का अर्ध्या घंट्यात. तू बस, मी आवाज देतो तुले."

म्हातारी डोळे मिटते. तिला आता बाहेर बघायची गरज नाही. मोताळ्याच्या अलीकडे, थांबा नसलेल्या एका फाट्यावर दप्तरं घेतलेली चार पोरं हात करताहेत. कंडक्टर वाकून बघतो, दोरी एकदा ओढतो. टण्. गाडी थांबते. पोरं चढतात. "दाबा रे, आत दाबा." टण् टण्. गाडी सुटते. यासाठी त्यानं डेपोला फोन केला नाही, साहेबाची सही आणली नाही. एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आणि कुठल्या फाट्यावर एक मारायची हे त्या क्षणी त्याच्या हातात आहे.

मोताळा येतं. तो खरंच हाक मारतो. टोपलं स्वतः खाली उतरवून देतो.

एसटीचं कौतुक करताना डोळ्यांवर कातडं ओढू नका. उद्धट कंडक्टर तुम्ही पाहिलेत, आरक्षणाच्या खिडकीवरची ती तोंडासमोर बंद होणारी फळीही पाहिलीत, आणि रात्री बाराला घाटात बंद पडलेल्या गाडीत काढलेली रात्रही तुमच्या नशिबी आली असेल. पण चांगला कंडक्टर भेटायचा तेव्हा तो चांगला होता तो त्या दोरीमुळेही. त्याच्या हातात दोरी होती म्हणून त्याच्या चांगुलपणाला वाव होता. दोरी काढून घेतली असती तर तोच माणूस "माझ्या हातात काही नाही बाई" म्हणाला असता.

हे वाक्य युरोपातल्या एका विमान कंपनीला फार महागात पडत होतं. चला, बसच्या मागच्या दारानं उतरा. बाहेर थंडी आहे. १९८० चं दशक, स्टॉकहोमचं आरलांडा विमानतळ. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स, म्हणजे एसएएस, तोट्यात गेली होती. १९८१ मध्ये यान कार्लसन हा तरुण माणूस तिचा प्रमुख झाला. तुमच्यापुढे रांगेत एक अमेरिकन व्यापारी उभा आहे. कोपनहेगनला महत्त्वाची बैठक आहे आणि तिकीट हॉटेलच्या खोलीत राहिलंय. तेव्हा तिकीट म्हणजे कागद. कागद नाही तर विमान नाही. त्याचा चेहरा पडलाय.

काउंटरवरची बाई त्याला खोली क्रमांक विचारते. बोर्डिंग कार्ड आणि तात्पुरतं तिकीट त्याच्या हातात ठेवते. हॉटेलला फोन लावते, तिकीट सापडतं. कंपनीची गाडी पाठवून ती ते आणवते. विमान सुटायच्या आत माणसाच्या हातात त्याचं स्वतःचं तिकीट. कार्लसननं नंतर आपल्या पुस्तकाची सुरुवातच या प्रसंगानं केली. त्याचं गणित साधं होतं: वर्षाला १ कोटी प्रवासी, प्रत्येकाची कंपनीच्या सुमारे ५ माणसांशी गाठ पडते, आणि प्रत्येक गाठ सरासरी १५ सेकंदांची. कंपनी चांगली की वाईट हे त्या १५ सेकंदांत ठरतं. विमानं, इमारती, जाहिराती हे सगळं प्रवाशाच्या लेखी त्यामागचं. मग त्या १५ सेकंदांत समोर जो उभा आहे, त्यालाच निर्णय घेता आला पाहिजे. साहेबाला विचारून येईपर्यंत १५ सेकंद संपतात.

थोडक्यात, कार्लसननं काउंटरवरच्या बाईच्या हातात दोरी दिली.

आता तुम्ही म्हणाल, आरलांडाला रांगेत माणसं ती किती? बरोबर आहे. चला मग आपल्या बुलढाणा जिल्ह्यात. माघ वद्य सप्तमी, शेगाव. गजानन महाराजांचा प्रकटदिन. २३ फेब्रुवारी १८७८ ला महाराज या गावात दिसले. उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाणारा हा अवलिया कोण, हे तेव्हा कुणाला कळलं नव्हतं. आज दिंड्यांवर दिंड्या येताहेत. टाळ, पताका, डोक्यावर तुळस, पायांवर कालपासूनची धूळ. रस्ता दिसत नाही, डोकीच दिसतात.

तुम्ही चप्पल देता. पलीकडचा माणूस ती वाकून दोन्ही हातांनी घेतो आणि बिल्ला देतो. पांढरे कपडे, डोक्यावर टोपी. हा सेवाधारी. इथं त्याचा पगार नाही. गावाकडे त्याची शेती असेल, नाहीतर दुकान किंवा सरकारी नोकरी. सेवेची पाळी लागली म्हणून आलाय आणि पाळी मिळावी म्हणून थांबलेलाही असेल. तुमच्या चपलेला शेण लागलंय. त्याच्या चेहऱ्यावर रेघही हलत नाही.

रांग वळणावळणानं पुढं जाते. मध्येच बसायला जागा, प्यायला पाणी. लहान पोर घेतलेली बाई दिसली की एक हात पुढं येतो आणि तिला बाजूनं वाट करून देतो. तुम्ही घाम पुसता आणि सवयीनं विचारता,

"दादा, कधी होईल दर्शन?"

"अजून दोन तास तरी लागतील, माऊली. पाय दुखत असतील तर थोडं टेका. नाहीतर मुखदर्शन घ्या, ते लवकर होईल."

दोन तास हे वाईट उत्तर आहे. तरी तुमचा जीव खाली बसतो. कारण त्यानं लपवलं नाही, वर दुसरी वाटही दाखवली. रांगेत लोक चिडत नाहीत याचं सगळं श्रेय भक्तीला देऊन मोकळे होऊ नका. भक्ती इतर ठिकाणीही असते आणि तिथं लोक कठड्यांवर चढतात. इथं कुणी चढत नाही, कारण मधून कुणी घुसत नाही, आणि किती वेळ लागणार हे सांगणारा माणूस दर काही पावलांवर उभा आहे.

महाप्रसादाला पंगत बसते. समोरचा वाढपी विचारतो, "भात घेता, माऊली?" तुम्ही नको म्हणता, तो पुढं सरकतो. परत येतो तेव्हा पुन्हा विचारतो. जेवण झाल्यावर जमीन लगेच पुसली जाते, पुढची पंगत कोरड्या जमिनीवर बसते. विमानात तुमच्या आधीच्या प्रवाशाचे चुरमुरे सीटच्या फटीत सापडलेत ना कधी? ते आठवा आणि ही ओली फडकी बघा.

या शिस्तीमागं एक माणूस उभा होता: शिवशंकरभाऊ पाटील. जन्म १९४०, अखेरचा श्वास ४ ऑगस्ट २०२१. अनेक दशकं गजानन महाराज संस्थानचा कारभार बघितला, मानधन घेतलं नाही. साधं धोतर, टोपी, आणि मंदिराच्या आवारातून फिरणारी नजर. जेआरडींची गोष्टही तीच. १९५३ मध्ये सरकारनं एअर इंडिया ताब्यात घेतली, तरी ते १९७८ पर्यंत तिचे अध्यक्ष राहिले, आणि त्या कामाचा पगार घेतला नाही. एक सुटाबुटातला फ्रेंच बोलणारा पारशी, दुसरा शेगावचा पाटील. दोघांची भेट झाली असती तर बोलणं बहुधा संडासाच्या स्वच्छतेवरच गेलं असतं.

फुकट काम केलं म्हणून सेवा चांगली झाली, असा अर्थ काढू नका. मोताळ्याच्या कंडक्टरला पगार होता आणि आरलांडाच्या बाईलाही. अर्थ असा की वरचा माणूस प्रवाशाच्या, भाविकाच्या वाटेनं स्वतः चालून बघत होता, आणि खालच्या माणसाला बोलायची, वाट दाखवायची मुभा होती. यातलं एक असून भागत नाही. वरचा बघतो पण खालच्याला मुभा नाही, तर खालचा भिऊन राहतो. खालच्याला मुभा आहे पण वरचा फिरकत नाही, तर ती मुभा हळूहळू ओळखीपाळखीच्या लोकांसाठी वापरली जाते.

आता आज. जिल्ह्यातून रोजचं प्रवासी विमान उडत नाही, म्हणून तुम्ही पहाटे तीनला उठून दीडशे किलोमीटर गाडी मारत छत्रपती संभाजीनगर गाठलंत. पोरगी पहिल्यांदाच नोकरीसाठी निघाली आहे, डोळ्यांत झोप, हातात आईनं दिलेला डबा. फलकावर वेळ बदलते. एक तास. मग दोन. कंपनी कुठलीही असो. काउंटरवर बाविशीचा मुलगा उभा आहे, गळ्यात पट्टा, चेहऱ्यावर शिकवलेलं हसू.

"कधी सुटेल?"

"सर, सिस्टीममध्ये अजून अपडेट नाही."

इथं त्या मुलावर ओरडू नका. तो वाईट नाही, त्याच्या हातात दोरी नाही. विमान मुळात कुठून यायचं आहे, तिथून निघालं का, हे त्याला माहीत असलं तरी सांगायची परवानगी नाही. खामगावच्या मास्तरांच्या "आली की दिसंल"वर नुसता इंग्रजीचा मुलामा चढलाय. मास्तर निदान खोटं हसत नव्हते.

त्याच्या हातात दोरी नसली तरी तुमच्या हातात नियम आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांनुसार अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला २ तास किंवा जास्त उशीर होणार असेल आणि तुम्ही वेळेवर हजर असाल, तर खाणंपिणं कंपनीनं द्यायचं असतं. त्याहून लांबच्या, ५ तासांपर्यंतच्या उड्डाणाला ही मर्यादा ३ तासांची. देशांतर्गत उड्डाणाला ६ तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं काय हवं ते तुम्ही निवडायचं. तिकीट पक्कं असून, जागेपेक्षा जास्त तिकिटं विकल्यामुळे तुमच्या इच्छेविरुद्ध चढू दिलं नाही आणि तासाभरात सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात जागाही दिली नाही, तर भरपाई आहे. कमाल मर्यादा, दुसरं विमान केव्हा मिळतं त्यावरून, १०,००० किंवा २०,००० रुपये. कंपनीनं ऐकलं नाही तर सरकारच्या 'एअरसेवा'वर तक्रार करता येते.

तेव्हा दोन तास झाले की उठा. शांतपणे काउंटरवर जा. आधी पोरीसाठी खाणं मागा, मग उशिराचं कारण मागा, आणि तो "सिस्टीम" म्हणाला की त्याच्या वरच्या माणसाला बाहेर बोलवा.